अनुभव धागा: बायबल वाचताना कोणत्या सवयी नडतात, आणि त्या जागी काय करावं?

कागवाडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आपल्या पट्ट्यात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडं, एकाच घरात तीन बायबलं सापडतात. आजीचं मराठी, सभेत नेण्याचं कन्नड सत्यवेद, आणि पोरांचं इंग्रजी. पुस्तकं भरपूर, पण वाचायच्या सवयी बऱ्याचशा ऐकीव. म्हणून रविवारशाळा घेणारे, पाळक, अभ्यासगट चालवणारे, पुस्तकबांधणीवाले अशा सगळ्यांना इथं लिहायला बोलावलंय.

चौकट एवढीच: सवय कोणती, ती कुठं नडते, आणि त्याऐवजी नेमकं काय करायचं. साक्षी (देवाचे स्वतःला आलेले अनुभव) इथं नकोत, त्याला वेगळा धागा आहे. पंथावरून वादही नको.

सुरुवात वाग्दान कार्डापासून करतो. (शब्द कन्नड सभांतून आलाय, मराठी कानाला वाग्दान म्हटलं की साखरपुडाच आठवतो.) ३१ डिसेंबरच्या रात्री टोपलीतून कार्ड उचलायचं आणि ते 'वर्षाचं वचन' म्हणून कपाटाला चिकटवायचं. कार्ड असायला हरकत नाही. नडतं ते असं, की कार्डावर एक ओळ असते, आणि ती कोण कुणाला म्हणालं ते कार्डावर नसतं.

यिर्मया २९:११ (म्हणजे अध्याय २९, ओवी ११) घ्या, देवाच्या मनात तुमच्या हिताच्या योजना आहेत ते. ही ओळ एका पत्रातली आहे. पत्र यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलंय. पाचव्या ओवीत त्यांना सांगितलंय की तिथंच घरं बांधा, बागा लावा. दहाव्या ओवीत सांगितलंय की सुटका ७० वर्षांनी. म्हणजे ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकलं त्यातले बहुतेक परत येणार नव्हते. हे वाचून ओळीचं बळ कमी होत नाही. पण ती 'या वर्षी बदली होईल' असं सांगत नाही, हे कळतं.

उपाय: कार्ड मिळालं की त्याच रात्री तो अध्याय पहिल्या ओवीपासून वाचायचा आणि कार्डाच्या मागं पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहायच्या. बोलणारा कोण, ऐकणारे कोण, वेळ कोणती.

रविवारशाळा, खानापूर

कागवाडकरदादा, तुम्ही कार्ड धरलंत, मी दुकानाच्या पाट्या धरते.

ईयोब ८:७. सुरुवात लहान असली तरी शेवट मोठा होईल, अशा अर्थाची ओळ. उद्घाटनाच्या पत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, कॅलेंडरवर, सगळीकडं. बोलणारा कोण? बिल्दद. ईयोबाचा मित्र. समोर बसलेल्या माणसाची सात मुलं आणि तीन मुली नुकत्याच गेल्यात. आणि याच भाषणात तीन ओव्या वर, ८:४ मध्ये, हा बिल्दद त्या बापाला सुनावतो की तुझ्या पोरांनी पाप केलं असेल म्हणून ती गेली. पुढं ४२:७ मध्ये देव म्हणतो की या तिघा मित्रांनी माझ्याविषयी बरोबर ते सांगितलं नाही. ज्याचं बोलणं पुस्तकानं स्वतःच नापास केलं, त्याची ओळ आपण गल्ल्यावर लावतो.

दुसरं उदाहरण स्तोत्र ९१:११-१२. देवदूत तुला हातांवर झेलतील, हे टेम्पोच्या काचेवर दिसतं. ओळ चांगली आहेच. पण मत्तय ४:६ उघडा: तीच ओळ सैतान येशूला म्हणून दाखवतो, मंदिराच्या टोकावरून उडी मार म्हणून. एकच वचन, पण कोण कशासाठी उच्चारतो त्यावर सगळं.

तिसरं, रूथ १:१६. तू जाशील तिथं मी येईन. लग्नपत्रिकेवर नवरा-नवरीच्या नावांखाली छापतात. ते सून सासूला म्हणते आहे, तेही दोघी विधवा झाल्यावर. (माझं विचाराल तर सासू-सुनेच्या नावानं छापलं तर जास्त शोभेल.)

वर्गात हे शिकवायची साधी रीत: वचन पाठ करायला द्यायचंच असेल तर एकटं देऊ नये. फिलिप्पैकरांस ४:१३ द्यायचं तर ११ पासून द्यावं. ११ आणि १२ मध्ये पौल म्हणतो की भरलेल्या ताटात आणि रिकाम्या ताटात दोन्हीकडं राहायला मी शिकलोय. मग १३ मधलं 'मी सर्व काही करू शकतो' हे परीक्षेत पहिला नंबर काढण्याबद्दल नाही, हे सातवीच्या पोरालाही आपसूक कळतं. तीन ओव्या पाठ करायला एका ओवीपेक्षा फार वेळ लागत नाही, कारण अर्थाची साखळी हाताशी असते.

आणि वचन पटकन शोधण्याच्या शर्यती कमी कराव्यात. बोटं हुशार होतात, एवढंच.

चिकोडी, दोन भाषा

आमच्याकडची अडचण वेगळी. पाळक कन्नडमधून पुस्तकाचं नाव सांगतात आणि मराठी घरचा माणूस भलतंच पान उघडतो.

सगळ्यात मोठा घोळ: कन्नड 'धर्मोपदेशकांड' ऐकलं की मराठी माणूस 'उपदेशक' उघडतो. धर्मोपदेशकांड म्हणजे आपलं 'अनुवाद', मोशेचं पाचवं पुस्तक. आपल्या 'उपदेशक'ला कन्नडमध्ये 'प्रसंगी' म्हणतात. बाकीची यादी पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा: विमोचनकांड म्हणजे निर्गम, याजककांड म्हणजे लेवीय, अरण्यकांड म्हणजे गणना (रामायण नव्हे), न्यायस्थापकरु म्हणजे शास्ते, कीर्तनेगळु म्हणजे स्तोत्रसंहिता, ज्ञानोक्तिगळु म्हणजे नीतिसूत्रे. एवढी सहा-सात आली की रविवारची पानं उलटायची धांदल निम्मी होते.

'अनुवाद'वरून आठवलं. नवी पोरं विचारतात, हे पुस्तक कशाचं भाषांतर? इथं अनुवाद म्हणजे पुन्हा सांगणं, तोच शब्दाचा जुना अर्थ. नियमशास्त्र मोशे नव्या पिढीला दुसऱ्यांदा सांगतो म्हणून.

शब्दांचेही सापळे आहेत. कन्नडमधला यजमान म्हणजे मालक, घरधनी. मराठी डोक्यात यजमान म्हणजे पाहुणचार करणारा. दृष्टांत कन्नडमधून ऐकून मराठीत समजून घेताना मालकाचा पाहुणचारवाला झाला की गोष्टच फिरते. ऐकलेला शब्द तसाच उचलू नका, मराठी पान उघडून ताडून बघा.

मात्र दोन भाषा हा तोटा नाही, फायदा आहे. एका भाषेत ओळ गुळगुळीत होऊन डोळ्यांखालून सरकते, दुसऱ्या भाषेत तीच अडकते. जिथं अडकते तिथं थांबायचं.

पाळकबाई

वरच्या मुद्द्याला जोडून, 'तू' आणि 'तुम्ही'.

मराठीत तुम्ही दोन कामं करतं, आदर आणि अनेकवचन. पण जुन्या मराठी बायबलात एका माणसाशी बोलताना तू-च येतं. देवालाही तू, राजालाही तू. तिथं तुम्ही आलं की समजायचं, समोर बरेच जण आहेत. वाचक नेमका तिथं 'देव मला आदरानं तुम्ही म्हणतोय' असं धरतो आणि मंडळीला (सगळ्या चर्चला) सांगितलेलं सगळं एकट्याच्या खात्यावर जमा करतो.

लूक २२:३१-३२ उघडा. येशू पेत्राशी बोलतोय. आधी म्हणतो, सैतानानं तुम्हांला चाळायला मागितलंय. लगेच पुढं, पण मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पहिलं सगळ्या शिष्यांसाठी, दुसरं एकट्या पेत्रासाठी. मराठीत आणि कन्नडमध्ये (नीवु, नीनु) हा फरक स्वच्छ दिसतो. आजच्या इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळं इंग्रजी माध्यमाच्या पोरांना तो दिसतच नाही. घरी वाचताना पोरांच्या हातात इंग्रजी, आईच्या हातात मराठी, असं बसलात तर आईनं प्रत्येक 'तुम्ही'ला टकटक करावी.

१ करिंथकरांस ३:१६ मधलं 'तुम्ही देवाचं मंदिर आहा' हे असंच सगळ्या मंडळीला आहे. भांडणाऱ्या मंडळीला, हे मागचा मजकूर वाचल्यावर कळतं. यिर्मया २९:११ मधलंही अनेकवचनच.

नवा वाचक, टिळकवाडी

दरवर्षी १ जानेवारीला उत्पत्तीपासून धरलं जातं आणि फेब्रुवारीत निर्गम-लेवीयमध्ये गाडी रुतते. यावर कुणी सांगा की वो.

हिशेबी

सांगतो. आधी आकडे. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. ३६५ नं भागलं तर दिवसाला सव्वातीनच्या जरा वर. रोज तीन आणि रविवारी पाच धरले तर आठवड्याला २३, बावन्न आठवड्यांत ११९६. पुरतं. पण कुठल्या दिवशी काय येतं ते आधी बघावं लागतं. स्तोत्र ११९ मध्ये १७६ ओव्या आहेत, त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. स्तोत्र ११७ मध्ये दोनच.

गाडी का रुतते? निर्गम २४ पर्यंत गोष्ट पळते. २५ पासून निवासमंडपाची (देवाच्या उपासनेच्या तंबूची) मापं सुरू होतात: फळ्या, कड्या, पडदे, हात. ३१ पर्यंत 'असं बनवा', आणि ३५ ते ४० मध्ये 'तसं बनवलं'. वाचक दुसऱ्या खेपेला तेच वाचून कंटाळतो आणि मधलं ३२-३४ सोडून देतो. खरी ठिणगी तिथंच आहे: सोन्याचं वासरू, फुटलेल्या पाट्या, मोशेची रदबदली. म्हणून २५-३१ सावकाश, हवं तर कागदावर मंडपाचा आराखडा काढत. ३२-३४ दोनदा. ३५-४० एका बैठकीत झरझर.

लेवीय सलग वाचण्याआधी त्याचे कप्पे लक्षात घ्या. १-७ अर्पणं, ८-१० याजक, ११-१५ शुद्ध-अशुद्ध, १६ प्रायश्चित्ताचा दिवस, १७-२६ पवित्र वागणुकीचे नियम, २७ नवस. सोळावा अध्याय मधोमध आहे, तिथून मागं-पुढं बघितलं की जुळणी दिसते.

आणि पहिल्यांदाच वाचणाऱ्यानं उत्पत्तीपासून सुरू करायलाच हवं असं नाही. मार्क १६ दिवस, रोज एक अध्याय. मग योना ४, रूथ ४, फिलिप्पैकरांस ४, याकोब ५. तेहतीस दिवस झाले. त्यानंतर उत्पत्ती ५० आणि निर्गम १-२४. एवढ्यावर पाय बसतो.

दिवस चुकला तर? चुकलेले अध्याय दुसऱ्या दिवशी भरून काढू नका. तीन दिवस चुकले की बारा अध्याय होतात, ते नुसतं पानं उलटणं. खूण जिथं आहे तिथून पुढं चला. वर्षाचं वाचन चौदा महिन्यांत झालं तर कुणी दंड लावत नाही.

कॅम्प, कॅथलिक

आमच्याकडं ७३ पुस्तकं असतात, ४६ अधिक २७, तेव्हा हिशेबीकाकांचा भागाकार आम्हाला थोडा वाढवून घ्यावा लागेल. एक सावधगिरी स्तोत्रांच्या आकड्यांची. जुन्या कॅथलिक पुस्तकांत मेंढपाळाचं स्तोत्र २३ नाही, २२ असतं, कारण त्या मोजणीत ९ आणि १० मिळून एक धरतात. आजीच्या प्रार्थनापुस्तकातला आकडा आणि नव्या बायबलातला आकडा जुळला नाही तर छपाईची चूक समजू नका, एक पुढचं उघडा.

आमची नडणारी सवय म्हणजे रविवारच्या मिस्सात (उपासनेत) जेवढं वाचलं जातं तेवढ्यावर भागवणं. रविवारच्या वाचनांचा फेरा तीन वर्षांचा: पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. एका रविवारच्या उताऱ्यातून पुढच्या रविवारी उडी पडते आणि मधलं राहून जातं. ते मधलं आठवड्यात वाचायचं, रोज पाच-सात मिनिटं. वर्षभरात एक शुभवर्तमान सलग होतं.

निपाणी, शेती

पावसाचं कुणी काढलं नाही म्हणून मी काढतो. शेतकऱ्याची इथं हमखास फसगत होते, आणि ती चांगल्या मराठीमुळंच होते.

अनुवाद ११:१४ मध्ये 'आगोटीचा व वळवाचा पाऊस' असं आहे. आपल्याकडं वळीव म्हणजे चैत्र-वैशाखातला, गडगडाट, गारा, आंब्याची नासाडी. त्यानंतर आगोट लागते, मृगाचा पाऊस, पेरणी. म्हणजे आपला क्रम आधी वळीव, मग आगोट, आणि मध्ये जेमतेम महिना-दीड महिना.

बायबलातल्या देशात, म्हणजे इस्राएलात, उलट. उन्हाळा साधारण मे ते सप्टेंबर, ठणठणीत कोरडा. पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जमीन भिजली की नांगरट आणि पेरणी. मुख्य पाऊस थंडीत. शेवटचा मार्च-एप्रिलात, दाणा भरायच्या वेळी. मग सातूची कापणी आणि त्यामागून गव्हाची. त्यांच्या 'वळवाच्या' पावसानं पिकाचं पोट भरतं. आपला वळीव खळ्यावरच्या मालाची वाट लावतो. याकोब ५:७ मध्ये शेतकरी पहिल्या आणि शेवटल्या पावसाची धीरानं वाट बघतो, ते आपल्या वळवावर बसवलं तर अर्थच लागत नाही. वळवाची कोण वाट बघतंय?

एकदा हे पंचांग डोक्यात बसलं की बरंच सुटतं. १ शमुवेल १२:१७ मध्ये शमुवेल गव्हाच्या कापणीत मेघगर्जना आणि पाऊस मागतो आणि लोक घाबरतात. आपल्याला वाटतं, त्यात काय, आमच्याकडं मे महिन्यात रोजच. तिथं त्या दिवसांत पाऊस पडतच नाही, म्हणून ते घाबरले. नीतिसूत्रे २६:१ मध्ये कापणीतला पाऊस मूर्खाच्या मानासारखा म्हटलाय, तेही त्याचमुळं.

रूथ वाचताना हेच पंचांग हाताशी ठेवा. १:२२ ला दोघी बेथलेहेमात येतात ती सातूच्या कापणीची सुरुवात. २:२३ ला गव्हाची कापणी संपते. मधले साधारण सात आठवडे. 'सरवा वेचणं' (कापणीनंतर शेतात पडलेली कणसं गोळा करणं) हा शब्द आपल्या बायाबापड्यांना समजावून सांगायला लागत नाही, शहरातल्या पोरांना सांगावा लागतो. पहिल्या दिवशी झोडून एक एफा सातू निघाला, म्हणजे सुमारे २२ लिटर. सरव्यातून एका दिवसात एवढा निघणं म्हणजे शेताचा मालक बवाज यानं मुद्दाम पेंढ्यांतून कणसं गाळायला लावली होती, हे २:१६ मध्ये लिहिलंच आहे. आकडा वगळून वाचलं तर त्याचा हात किती सैल होता ते कळत नाही.

हिशेबी

वा! मापांवरून दोन भर घालतो. मापं आली की डोळा पुढं सरकतो, ही फार जणांची सवय.

मत्तय १८ मधला चाकर राजाला दहा हजार तालांत देणं लागतो, आणि त्याचा सोबती त्याला शंभर दीनार. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दीनार. गुणाकार करा: सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. आणि सोबत्याकडं येणं किती? त्याच हिशेबानं चार महिन्यांची मजुरी. म्हणजे तीही रक्कम किरकोळ नाही! 'चिल्लर उधारीसाठी गळा धरला' असं सांगतात ते चूक. रक्कम खरी होती, पण जे माफ झालं होतं ते तिच्या सहा लाख पट होतं.

योहान २:६ मधले सहा दगडी रांजण: एकेकात साधारण ८० ते ११५ लिटर. आपण घागरी डोळ्यांपुढं आणतो. सगळे मिळून दोनशे लिटरची निळी पिंपं अडीच ते साडेतीन. गावजेवणाचा हिशेब आहे तो.

बांधणीवाला

मी पुस्तकाच्या अंगानं सांगतो. डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि 'देवानं हे वचन दिलं' म्हणायचं, ही सवय अजून आहे. त्यात बांधणीचा हात किती असतो बघा. जाड पुस्तक मधोमध उघडतं, आणि मधोमध स्तोत्रसंहिता आणि आसपासची पुस्तकं असतात. शिवाय जे पान वारंवार उघडलं जातं तिथं कणा सैल होतो आणि पुढच्या वेळी पुस्तक तिथंच पसरतं. आपलं बायबल टेबलावर उभं धरून दहादा सोडून बघा, सात-आठदा त्याच दोन-तीन जागी उघडेल. ओबद्या (एकच अध्याय, २१ ओव्या) आजवर बोटाखाली कुणाच्या आला असेल तर कळवा.

खुणा करण्याबद्दल. बायबलचा कागद फार पातळ. पातळ शाईचा हायलायटर मागच्या पानावर उतरतो, बॉलपेनानं मागं वळ उठतात. मऊ रंगीत पेन्सिल किंवा मेणाचा खडू वापरा, खाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून. रंग दोन, फार तर तीन. पान सगळं पिवळं झालं की काहीच उठून दिसत नाही, आणि पुढच्या खेपेला डोळा फक्त पिवळ्या ओळींवरून उड्या मारतो. मधलं वाचलंच जात नाही. म्हणून एक जुनं बायबल खुणांचं ठेवा आणि एक कोरं वाचायचं.

चेनचं रेक्झिन कव्हर खानापूर, जांबोटीच्या पावसात काढून ठेवा. आत दमट हवा कोंडते आणि आषाढ-श्रावणात कण्याजवळ बुरशीचे करडे ठिपके येतात. भिजलं तर उन्हात वाळवू नका, पानं लाटा येऊन पिवळी पडतात. उभं करून, पानं पंख्यासारखी पसरून, घरातल्या वाऱ्यावर वाळवा. दर वीस-तीस पानांत कोरा कागद घाला, तो भिजला की बदला.

पाळकबाई

अध्यायांच्या रेषा आणि ठळक मथळे हेही पुस्तकाच्या अंगातच मोडतं. अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन यांनी पाडले, नव्या कराराला ओव्यांचे आकडे रोबेर एस्तिएन यांनी १५५१ मध्ये घातले. मथळे छापणाऱ्यांचे. मूळ लिहिणाऱ्यांनी यातलं काहीच लिहिलं नाही.

रेषा चुकीच्या जागी पडल्याच्या जागा लक्षात ठेवा. यशया ५३ खरं तर ५२:१३ पासून सुरू होतो. उत्पत्ती २:१-३ पहिल्या अध्यायाचा शेवट आहे. १ करिंथकरांस ११:१ ही दहाव्याची शेवटची ओळ. 'आजचा अध्याय संपला' म्हणून पुस्तक मिटलं की सातवा दिवस दुसऱ्या दिवसावर जातो.

पत्रं तर तुकड्यांनी वाचूच नयेत. ती मंडळीत मोठ्यानं, अथपासून इतिपर्यंत वाचण्यासाठीच होती (कलस्सैकरांस ४:१६). फिलेमोनाला लिहिलेलं पत्र २५ ओव्यांचं, चहा गार होण्याआधी संपतं. फिलिप्पैकरांसचं १०४ ओव्यांचं, मोठ्यानं वाचायला पंधरा-वीस मिनिटं. आलेलं पत्र आपण रोज चार ओळी असं वाचतो का?

शहापूर, घरप्रार्थना

घरप्रार्थनेत गोल बसून एकेकानं एकेक ओवी वाचायची पद्धत आहे. दिसायला छान. होतं काय, की प्रत्येक जण आपली ओवी कुठली येणार ते मोजत बसतो, ती मनात दोनदा घोकतो, आणि आपली झाली की सुटल्यासारखा श्वास टाकतो. उतारा कुणीच ऐकत नाही. कमी शिकलेल्या मावशींना तर घामच फुटतो.

त्याऐवजी: एकानं सगळा उतारा मराठीत वाचायचा, बाकीच्यांनी पुस्तकं मिटून ऐकायचं. एक मिनिट गप्प. मग दुसऱ्यानं तोच कन्नडमध्ये, आता पुस्तकं उघडी. मग पहिला प्रश्न 'तुम्हाला काय वाटतं' हा नको. पहिला प्रश्न 'काय काय घडलं, क्रमानं सांगा'. मावशी इथं सगळ्यांत पुढं असतात, कारण त्यांनी खरोखर ऐकलेलं असतं. वाटण्या-बिटण्याचं शेवटच्या दहा मिनिटांत. उतारा वीस-पंचवीस ओव्यांहून मोठा घेऊ नका, आणि एकाच माणसानं दोनदा बोलायच्या आधी सगळ्यांचं एकेकदा होऊ द्या.

रविवारशाळा, खानापूर

नीतिसूत्रं ही नियमासारखी किंवा हमीपत्रासारखी वाचायची सवयही लिहून टाकते. २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. लगेच २६:५ म्हणतं, दे. चूक नाही ती, म्हणी अशाच असतात. आपल्याकडं 'शुभस्य शीघ्रम्' पण आहे आणि 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' पण आहे. कुठली कधी लावायची ते ओळखणं हेच शहाणपण. २२:६, मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण दे, हे वाकड्या वाटेला गेलेल्या पोराच्या आईबापांच्या तोंडावर फेकतात, तेव्हा म्हणीचा कायदा केला जातो.

नाताळचा गोठा सजवतानाही असंच. मेंढपाळ आणि गव्हाण लूकमध्ये, मागी (पूर्वेकडचे ज्ञानी) मत्तयमध्ये, आणि मत्तय २:११ मध्ये ते 'घरात' जातात. तीन असल्याचं कुठं लिहिलेलं नाही, देणग्या तीन आहेत. गोठा खुशाल सजवा, उंटासकट. पण वर्गात आधी मत्तय एकटा वाचा, मग लूक एकटा, आणि फळ्यावर दोन रकाने करा. चारही शुभवर्तमानं एका पातेल्यात घातली की कुणाचीच चव राहत नाही.

चिकोडी, दोन भाषा

मोबाइलवाल्यांसाठी थोडक्यात. अ‍ॅपमध्ये ओवी शोधली की ती एकटीच पडद्यावर येते, आजूबाजूचं दिसत नाही. बोटानं वर सरकवून किमान वीस ओव्या मागं जा. वाचताना विमान मोड. एका पडद्यावर दोन भाषा शेजारी लावता येत असतील तर मराठी-कन्नड लावा. जुनी मराठी जड जात असेल तर सोप्या मराठीतलं वाचा, पण अडलेली ओळ जुन्यातही बघा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर, जे त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये छापून आलं, तेही साध्या बायामाणसांना कळावं म्हणूनच होतं. तिसरं मत म्हणून चांगलं.

'देह' शब्दाला मात्र थांबा. पौलाच्या पत्रांत तो नुसतं शरीर नसतो, देवाला सोडून चालणारा स्वभाव असतो. गलतीकरांस ५:१९-२१ मधली यादी मोजा: वैर, मत्सर, तट, हेवा. यातलं निम्मं शरीराचं नाहीच.

नवा वाचक, टिळकवाडी

आणि प्रकटीकरण, बायबलचं शेवटचं पुस्तक? इथं गल्लोगल्ली जगाच्या शेवटाच्या तारखा निघालेत.

पाळकबाई

मार्क १३:३२ (तो दिवस कुणालाच ठाऊक नाही) वाचून तारखांची वही बंद करायची. मग १:४: हे आसियातल्या सात मंडळ्यांना लिहिलेलं आहे, आजच्या तुर्कस्तानात. त्यांना कळेल असंच ते आहे. खुणांचा अर्थ आधी त्याच पुस्तकात शोधा. १:२० मध्ये समया म्हणजे मंडळ्या असं सांगूनच टाकलंय. उरलेल्या खुणांसाठी यहेज्केल, दानीएल, जखऱ्या. वर्तमानपत्र नाही. त्या सातांतल्या लावदिकीयाच्या मंडळीला 'तू कोमट आहेस' म्हटलंय, ते उदाहरण घ्या: शेजारी हियरापलीसला गरम झरे, कलस्सैला थंड पाणी, आणि यांच्याकडं नळानं येईपर्यंत धड गरम ना धड थंड. गरमही उपयोगी, थंडही उपयोगी. त्यामुळं 'एक तर तापलेले भक्त व्हा नाहीतर थंड नास्तिक' हा अर्थ तिथं बसत नाही.

नवा वाचक, टिळकवाडी

कळलं ताई. शेवटचं विचारतो, भिंतीवरच्या वचनांच्या कॅलेंडरचं काय करायचं? आईला काढलेलं चालणार नाही.

कागवाडकर (धागाकर्ता)

काढू नका की. दर महिन्याच्या पानावर वचनाखाली पेन्सिलीनं अध्यायाचा आकडा आणि बोलणाऱ्याचं नाव लिहा, आईकडूनच लिहून घ्या. बिल्दद निघाला तर तेवढं पान पुढच्या महिन्याखाली दुमडून ठेवा.